विश्लेषण : गाणे जवळपास फुकट, मैफल मात्र महाग... असे का?

‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी विक्रीस आली, तेव्हा ऑनलाइन रांगेत लाखो चाहते होते आणि ‘बुक माय शो’चे अ‍ॅप कोलमडले. अडीच हजार ते ३५ हजार रुपयांची तिकिटे पाहता पाहता संपली आणि पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या भावाने झळकली. याच बँडची गाणी मोबाइलवर जवळपास फुकट ऐकता येतात. मग एका संध्याकाळसाठी एवढे मोल का?

गणित कुठे बदलले?

कॅसेट-सीडीच्या काळात कार्यक्रम हे प्रामुख्याने अल्बम खपवण्याचे साधन होते. १९९९ मध्ये ‘नॅपस्टर’ आले आणि फुकट डाउनलोडने हे गणित मोडले. पुढे स्ट्रीमिंगने ध्वनिमुद्रण उद्योगाला सावरले. ‘आयएफपीआय’ या जागतिक संघटनेनुसार २०२४ मध्ये या उद्योगाची उलाढाल २९.६ अब्ज डॉलर होती आणि त्यातील ६९ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता. उद्योग सावरला, पण सगळे कलावंत सावरले नाहीत.

स्ट्रीमिंगचा पैसा कसा वाटला जातो?

प्रत्येक गाण्यामागे ठरलेला दर सहसा नसतो. वर्गणी आणि जाहिरातींच्या उत्पन्नातून अ‍ॅप स्वतःचा हिस्सा ठेवते. उरलेली रक्कम, एकूण ऐकण्यात कोणाचा किती वाटा यानुसार, हक्कधारकांकडे जाते. गायकाला त्यातले किती मिळणार, हे कंपनीशी झालेला करार ठरवतो. ‘स्पॉटिफाय’वर २०२४ पासून वर्षभरात किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही. भारतात २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा हक्क दिला. मात्र गाणे ऐकलेच गेले नाही, तर हक्क कागदावरच राहतो.

मग मंचाकडे ओढा का?

गाण्याची प्रत निघते, मैफलीची निघत नाही; शिवाय खुर्च्या मोजक्याच. टेलर स्विफ्टच्या ‘इरास टूर’ने १४९ कार्यक्रमांत दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तिकिटे विकली. २६ जानेवारी २०२५ रोजी कोल्डप्लेचा अहमदाबादमधील कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दिसत होता, तरीही मैदान खचाखच भरले. म्हणजे पडदा मंचाचा प्रतिस्पर्धी न राहता त्याची जाहिरात झाला आहे.

तिकिटांच्या काळ्या बाजाराला आळा कसा बसणार?

तिकिटे ऑनलाइन झाल्याने दलालांचेही काम सोपे झाले. काही क्षणांत अनेक तिकिटे उचलणारी स्वयंचलित प्रणाली आणि नंतर चढ्या भावाने विक्री, ही त्यांची पद्धत. याविरोधात नियमावली मागणारी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. हा विषय कायदेमंडळ आणि सरकारचा असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे चेंडू आता सरकारच्या कोर्टात आहे.

छोट्या कलावंतांचे काय?

खरी अडचण त्यांचीच आहे. अ‍ॅपवरून मिळणारी रक्कम तुटपुंजी आणि सभागृहाचे भाडे, ध्वनियंत्रणा, वादकांचे मानधन, परवानग्या यांचा खर्च मात्र ठरलेला. त्यातच एका भव्य कार्यक्रमावर काही हजार खर्च करणारा रसिक नंतर चारशे-पाचशेच्या तिकिटासाठी हात आखडता घेऊ शकतो. मोठी मैदाने भरणारे कलावंत याच छोट्या सभागृहांतून घडतात. ती परवडेनाशी झाली, तर उद्याची मैदाने भरणार कोण, हा प्रश्न उरतो.