प्राथमिक शिक्षकाचा सोबती कोण?

प्राथमिक शिक्षणावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची दोन अनुमाने ठरलेली असतात. वक्ता एकतर जुन्या गुरुजींची थोरवी गाणार, नाहीतर आजच्या गुरुजींना नावे ठेवणार. आम्ही दोन्हींपैकी काहीच करणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या शाळा साठ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा लहान, दोन शिक्षकांच्या आहेत. त्या दोघांना आपले काम नीट करता यावे म्हणून राज्याने आजवर काय केले, त्यातले काय लागू पडले आणि काय वाया गेले, एवढेच पाहावयाचे आहे. या सभागृहातील पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी मुळाक्षरे अशाच शाळेत गिरविली असतील. त्यांची नातवंडे मात्र तेथे जात नाहीत. तेव्हा विषय ओळखीचा वाटला तरी आजची अशी शाळा आतून कशी चालते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असावे.

समजा, शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग आणि पस्तीस मुले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. पहिलीला वाचन शिकवावयाचे तर दुसरीला पाढे लिहावयास बसवावे लागते. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षक येतो तो अर्धाच दिवस. त्यातून दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचे काम. दुपारच्या खिचडीचा तांदूळ, डाळ, तेल मोजून द्यावयाचे, किती मुले जेवली याची नोंद करावयाची, मुलांची माहिती संगणकावर भरावयाची, तालुक्याला बैठक असली की जावयाचे. तो बैठकीला गेला किंवा दुसरी शिक्षिका रजेवर गेली की चारही वर्ग एका माणसाच्या हाती. पहिलीचे मूल ‘क’ गिरविते आहे, चौथीचे भागाकारात अडले आहे, आणि बाहेर गॅसची टाकी आली आहे. हे वर्णन अतिशयोक्त नाही. उलट हा चांगल्या शाळेतला बरा दिवस आहे.

आता यात शिक्षकाची खरी अडचण कोणती? वेळ पुरत नाही, ही एक झाली. परंतु आम्हांला तिच्याहून मोठी वाटते ती निराळी आहे. एखादे मूल तिसरीत येऊनही जोडाक्षरापाशी अडते. कारण काय, हे शिक्षकाने विचारावे कोणाला? शहरातल्या शाळेत मधल्या सुट्टीत चहा घेताना चार सहकारी भेटतात. कोणी म्हणते, माझ्याकडेही असे एक मूल होते, मी असे करून पाहिले. वाडीवरच्या शिक्षकाला हे सुख नाही. वकिलाला बाररूम असते, डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला असतो. या माणसाला मात्र सही करावयाला सांगणारे पुष्कळ भेटतात, अडचण सोडवावयाला बसणारा क्वचितच.

शिक्षकाच्या स्थितीचा राज्यकारभाराच्या पातळीवर विचार आपल्याकडे फार लवकर झाला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी होती, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच निवेदनात शिक्षकाच्या पगाराचा हिशेबही आहे, तो मात्र कोणी सांगत नाही. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावी पंधरा किंवा वीस असावा, असे त्यांनी लिहिले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामे शिक्षकाकडे दिली तर गावात त्याचे वजन वाढेल, अशीही त्यांची सूचना होती. गंमत पाहा. पुढे शिक्षकाकडे शाळेबाहेरची कामे आली खरी, आणि भरपूर आली. पण जोतीरावांना अभिप्रेत असलेले वजन त्यांच्यासोबत आले नाही.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे नव्याने बांधली गेली. विदर्भ आणि मराठवाडा यांची व्यवस्था तेव्हा वेगळी होती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाले. गडचिरोलीच्या आणि गिरगावातल्या मुलाच्या हाती एकच, स्वस्त आणि काळजीपूर्वक केलेले मराठीचे पुस्तक पडावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु वर सांगितलेल्या एकटेपणावर पहिले नेमके बोट ठेवले ते १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता, त्यामुळे खेड्यातली शाळा त्यांना अहवालातून पाहावी लागली नव्हती. आयोगाने ‘शाळासंकुल’ सुचविले. एक माध्यमिक शाळा मध्ये धरावी, आसपासच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडाव्यात. ग्रंथालय, प्रयोगाचे सामान आणि अनुभवी शिक्षक यांचा लाभ सर्वांना व्हावा, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनी वरचेवर एकत्र बसावे. ही कल्पना कागदावर पुष्कळ वर्षे राहिली. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक स्त्री, असे तिचे उद्दिष्ट होते. एकशिक्षकी शाळांपैकी पुष्कळ तिच्यामुळे दोनशिक्षकी झाल्या. मग १९९० नंतरच्या दशकात दहा-बारा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख ही व्यवस्था महाराष्ट्रात आली. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक जमतात, एखादा पाठ घेऊन दाखवितो, बाकीचे बोलतात. तिला शिक्षण परिषद म्हणतात. केंद्रप्रमुख हा मूळचा शिक्षकच. त्याने साहेब व्हावयाचे नव्हते, मोठ्या भावासारखे शाळाशाळांतून हिंडावयाचे होते.

ही व्यवस्था नीट चालली तर काय घडते, याचे उदाहरण सातारा तालुक्यातील कुमठे बीट. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालची काही केंद्रे. येथील शाळांनी २०१० नंतरच्या वर्षांत पहिली-दुसरीचे शिकविणे मुळापासून बदलले. बाके बाजूला सारली, मुले जमिनीवर गटागटांनी बसली. अंक शिकावयाचा तो आधी खडे, मणी, काड्या यांतून. दहा काड्यांना रबर लावले की तो दशक. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि सुट्या तीन. हातच्याची वजाबाकी करताना मूल जुडी सोडते. आपण लहानपणी ‘शेजारून एक उसना घेतला’ असे घोकले. तो एक घेतल्यावर दहा कसा होतो, हे आपल्यापैकी कितीजणांना तेव्हा कळले होते? फरशीवर आखलेल्या चौकटींतून मुले शब्द उड्या मारीत वाचतात, ज्याला आले तो न आलेल्याला दाखवितो. दोनशिक्षकी शाळेत याचे मोल दुप्पट आहे. एक गट आपला आपण कामात असतो, म्हणून शिक्षकाला दुसऱ्या गटाजवळ बसता येते.

या पद्धतीची मुळे काही साताऱ्यात नव्हती. बालशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांत जे काम केले, त्यात साधने परिसरातून घ्यावी हा धडा होताच. कुमठ्यात नवे होते ते हे की साध्या सरकारी शाळांच्या एका अख्ख्या गटाने ते एकत्र केले. शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसले. पुढे राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून शिक्षक तेथे पाहावयास येऊ लागले. २२ जून २०१५ रोजी शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा निर्णय काढला. प्रत्येक मूल शिकू शकते हे गृहीत धरून पायाभूत चाचण्या घ्याव्यात, मागे राहिलेले मूल शोधावे, आणि शिक्षकाने आपली पद्धत आपण निवडावी, असा त्याचा रोख होता. अधिकाऱ्याने तपासनिसापेक्षा मदतनीस व्हावे, हेही त्यात आले.

हेतू उत्तमच. पण स्थानिक उत्साहाचे शासकीय परिपत्रक झाले की जे होते, ते येथेही काही ठिकाणी झालेच. शाळांच्या फरशा रंगविल्या गेल्या; त्यावर बसून काय करावयाचे, हे पोचलेच असे नाही. भिंती बोलक्या झाल्या आणि शिक्षक छायाचित्रे पाठविण्यात गुंतले. आमच्या मते यात शिक्षकाचा दोष थोडा आहे. कुमठ्यातल्या शिक्षकाला सोबती मिळाले होते. दुसरीकडच्याला मुदत मिळाली.

येथे बिगरशैक्षणिक कामांचा विषय निघतोच. शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम म्हणते की दहावार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावू नये. वाचावयास बरे वाटते. परंतु निवडणूक म्हणजे केवळ मतदानाचा दिवस नव्हे. मतदारयाद्यांचे काम त्याच शब्दात येऊन बसते. शिवाय ‘शैक्षणिक’ म्हणून जी माहिती भरावयाची असते, ती या कलमाच्या कक्षेतच येत नाही. कायद्याने दार लावले आणि खिडकी उघडी ठेवली, असे म्हणावयास हरकत नाही.

पगाराच्या बाबतीत बारा रुपयांपासून आपण पुष्कळ पुढे आलो आहोत. कायम शिक्षकाचा आजचा पगार बरा आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. तथापि नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला सुमारे दहा वर्षे महिना सहा हजार रुपये मिळत. २०२३ च्या जानेवारीपासून ते सोळा हजार झाले. एवढ्या रकमेत परजिल्ह्यातला तरुण दुर्गम गावी खोली घेऊन राहिला असेल, तर त्याने कसे भागविले असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. २०१२ मध्ये भरती थांबली. ‘पवित्र’ संकेतस्थळामार्फत ती पुन्हा सुरू होऊन पहिल्या नेमणुका व्हावयास २०१९ उजाडले. २०२४ मध्ये सुमारे अकरा हजार उमेदवारांची शिफारस झाली. मधल्या काळात निवृत्त होणारे होतच होते. कायदा म्हणतो, मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून अधिक रिकाम्या राहू नयेत.

बदल्यांचे मात्र बरे झाले. पूर्वी ज्याची ओळख त्याला रस्त्यावरची शाळा, हा सर्वांचा अनुभव होता. २०१८ पासून बदल्या संगणकावर, ठरलेल्या क्रमाने होऊ लागल्या. अवघड क्षेत्रात सेवा केलेल्यांना आधी पसंती, पती-पत्नींना तीस किलोमीटरांच्या आत आणण्याचा प्रयत्न, असे नियम आले. तक्रारी त्यातही आहेत. पण आमदारांच्या दारातली गर्दी कमी झाली, हा फायदा शिक्षकांच्या स्वाभिमानाचा आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातले निम्मे अंतिम फेरीतल्या इतर नऊजणांना वाटून दिले, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. आम्हांला तीतला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची कल्पना त्या लहान शाळेतून निघून राज्याच्या सर्व पुस्तकांपर्यंत पोचली. वरून खाली जाणाऱ्या आज्ञांचा रस्ता रुंद आहे. खालून वर जाणारी पाऊलवाटही क्वचित सापडते.

आता सध्याच्या पेचाकडे येऊ. राज्यात केंद्रप्रमुखांची पदे ४,८६० आहेत. २०२३ मध्ये त्यांतल्या २,३८४ जागांसाठी परीक्षा जाहीर झाली आणि ती पुढे ढकलली गेली. पद रिकामे असले की शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे किंवा एखाद्या शिक्षकाकडेच त्याचा भार जातो; मग शाळेला भेट देऊन वर्गात बसावयाला वेळ उरत नाही, आकडे गोळा करण्यापुरताच तो उरतो. त्याच वर्षी शासनाने वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळांकडे पाहिले. अशा शाळा चौदा हजारांहून अधिक भरल्या. त्या एकत्र करून समूहशाळा करावी असा विचार पुढे आला. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांचे दाखले देण्यात आले.

या विचारात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही इतका वेळ शिक्षकाच्या एकटेपणाविषयी बोललो. समूहशाळेत ते आपोआप संपते. आठ-दहा शिक्षक एका छताखाली येतात, प्रत्येक वर्गाला आपला शिक्षक मिळतो, मुलांना खेळावयास सवंगडी मिळतात. पाच मुलांच्या शाळेत खो-खोचा संघ होत नाही, ही तक्रारही खोटी नाही. पण शिक्षकांना एकत्र आणण्याचे दोन मार्ग आहेत. शिक्षकांनी महिन्यातून एकदोनदा केंद्रावर यावे, हा एक. आणि सहा वर्षांच्या मुलांनी रोज त्यांच्यापर्यंत जावे, हा दुसरा. पहिलीपासून पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचाच नियम आहे. तो मोडला तर मुलगा कदाचित जाईल. मुलीला घरी ठेवण्याला मात्र कारण मिळेल. पहिला मार्ग स्वस्त आहे, त्याची पदे मंजूर आहेत, आणि तो पुरता चालवून न पाहताच दुसरा धरणे आम्हांला घाईचे वाटते.

अशा एकत्रीकरणाचा प्रस्ताव आपल्या तालुक्यात आला, तर गावाकडचे नातेवाईक आपल्याकडे विचारावयास येतीलच. त्यांच्यासाठी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्या. त्या केंद्राचे केंद्रप्रमुखपद भरलेले आहे काय, आणि शेवटची शिक्षण परिषद कधी झाली, ही एक. दुसरी वाहनाची. वाहतूक भत्त्याची तरतूद असते. परंतु जुलैत ओढा भरल्यावर गाडी कोठपर्यंत येते, आणि तेथून वाडी किती लांब आहे, हे प्रस्तावाच्या कागदावर लिहिलेले नसते.