ताल स्पर्शातून, स्मरण तालातून

कर्णबधिर मूल सांगितलेले चटकन विसरले की त्याला ‘मंद’ ठरविले जाते. हा त्याच्यावर अन्याय आहे. ऐकलेले शब्द आपण मनात पुन्हा पुन्हा घोळवितो, म्हणून ते क्रमाने लक्षात राहतात. ज्याच्या कानी शब्द अपुरा पडतो, त्याला हा सराव कमी मिळतो. त्यात बुद्धीचा दोष नसतो.

ताल मात्र कंपनांतून अंगालाही जाणवतो. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी (जन्म १९६५) बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण कर्णबधिर झाल्या. तरीही या कंपनांच्या आधारे त्या जगद्विख्यात तालवादक झाल्या.

घरी ढोलकीच्या लाकडी खोडावर मुलाचा तळहात ठेवावा. दोन ठोके वाजवून त्याच्याकडून तसेच वाजवून घ्यावेत. मग तीन, मग चार. पुढे प्रत्येक ठोक्याला एक चित्र, खूण वा शब्द जोडावा. सात वार एका दमात न शिकविता तीन व चारच्या गटांत टाळीवर घ्यावेत. गट पडले की क्रम धरून ठेवणे सोपे जाते.

श्रवणयंत्र, खुणांची भाषा व शाळा यांना हा पर्याय नव्हे, जोड आहे. पालकांनी व मोठ्या भावंडांनी रोज थोडा वेळ नेमाने द्यावा. मुलाला नावे ठेवण्याआधी त्याच्या हाती ताल द्या!