धबधब्याचं पाणी फोटोत रेशमासारखं कसं दिसतं?

पावसाळा आला की आपल्या गटांची लगबग वाढते. कुणी घरगुती मुक्कामाची सोय करते, कुणी पिठलं-भाकरीचं जेवण देते, कुणी रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजते. पाहुणे येतात ते धबधबा बघायला, आणि यायचं ठरवतात ते मोबाइलवर फोटो बघून. म्हणून बैठकांमध्ये बऱ्याच जणी विचारतात, "काही फोटोंत पाणी दुधासारखं, रेशमासारखं मऊ दिसतं. आमच्या फोटोत नुसते शिंतोडे दिसतात. ते कसं करतात?" आज त्याबद्दल बोलू.

आधी हे होतं कसं ते समजून घेऊ. घरातला पंखा जोरात फिरायला लागला की पाती वेगळी दिसत नाहीत, एक गोल चकती दिसते. फोटोतही तसंच होतं. कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी राहते यावर सगळं अवलंबून असतं. सेकंदाच्या ५०० व्या भागाएवढाच वेळ मिळाला, तर पाण्याचा थेंब जागच्या जागी थिजल्यासारखा दिसतो. अर्धा सेकंद मिळाला, तर तोच थेंब वरून खाली येताना आपली रेघ ओढतो. अशा हजारो रेघा एकमेकींत मिसळल्या की रेशमाचा पदर दिसतो. खडक आणि झाडं हलत नाहीत, म्हणून ती स्पष्ट राहतात.

मग अडचण कुठे येते? उजेडात. नळाखाली कळशी लावली आणि नळ जोरात सोडला, तर ती लगेच भरते आणि मग वाहायला लागते. भर दुपारी झडप जास्त वेळ उघडी ठेवली की फोटोचं तसंच होतं. उजेड उतू जातो, फोटो पांढराफटक येतो. नळाची धार बारीक असेल तरच कळशी जास्त वेळ लावून ठेवता येते. म्हणजे रेशमी पाण्यासाठी उजेड कमी हवा. मोबाइलसाठी तर नुसतं ढगाळ असून भागत नाही. सूर्य मावळल्यानंतरची किंवा उगवण्याआधीची वेळ लागते.

आता करायचं कसं? बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'प्रो' नावाची सोय असते. ती उघडा. 'आयएसओ' लिहिलेलं असतं, तो आकडा सर्वांत कमी ठेवा, ५० किंवा १००. मग 'एस' किंवा 'शटर' असेल तिथे १/८ पासून सुरुवात करा. पुढे १/४, १/२, १ सेकंद असं वाढवत जा. आकडा दुप्पट केला की उजेडही दुप्पट येतो. फोटो पांढरा पडायला लागला की एक पायरी मागे या. मोबाइलच्या भिंगासमोर काळा गॉगल धरला तर उजेड आणखी थोडा कमी होतो. आयफोनवर 'लाइव्ह' फोटो काढून नंतर त्याला 'लाँग एक्स्पोजर' करता येतं. ते दिवसाउजेडीही जमतं, कारण फोन सलग टिपलेली बरीच चित्रं एकत्र करतो.

मोबाइल मात्र जराही हलता कामा नये. हात कितीही स्थिर वाटला तरी अर्ध्या सेकंदात हलतोच, आणि मग खडकही पुसट येतात. तिवई नसेल तर किलो-दोन किलो तांदूळ कापडी पिशवीत भरा, पिशवी दगडावर ठेवा आणि मोबाइल तिच्यात रुतवून उभा करा. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. भिंगावरचे तुषार दर फोटोआधी सुती कापडानं पुसा.

आता सर्वांत महत्त्वाचं. उजेड कमी हवा म्हणून आपण संध्याकाळ निवडतो, आणि ओल्या शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरण्याची भीती त्याच वेळी जास्त. तेव्हा अशा फोटोसाठी रस्त्याजवळची, कठड्यामागची जागा निवडा. दोघी-तिघी मिळून जा, बॅटरी बरोबर घ्या. प्रवाहात पाय घालून फोटो काढू नका. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज वाढला, की वर डोंगरात जोराचा पाऊस झालाय असं समजा आणि लगेच मागे फिरा. भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा प्रवरा नदीवर, धरणाच्या खालच्या अंगाला आहे. धरणातून पाणी सोडलं की आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही तिथलं पाणी वाढतं. प्रशासनानं धबधब्यावर जायला बंदी घातली असेल तर फोटोसाठीही जायचं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या व्यवसायाची. रेशमी फोटोत पाण्याचा जोर लपतो. खळाळणारा प्रवाहही शांत, गुडघाभर वाटतो. लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब तोच फोटो मनात धरून पाण्यात उतरू शकतं. म्हणून पाहुण्यांना एकटा रेशमी फोटो पाठवू नका. सोबत नेहमीचा, फेसाळतं पाणी दाखवणारा फोटो पाठवा आणि खाली लिहा, "प्रवाह जोरदार आहे, पाण्यात उतरू नये." फोटो कोणत्या महिन्यातला आहे तेही लिहा. ऑगस्टचा फोटो बघून कुणी फेब्रुवारीत आलं आणि कोरडा कडा दिसला, तर ते पाहुणे पुन्हा येत नाहीत. फोटो बघून पाहुणा एकदा येईल, दुसऱ्यांदा येईल तो आपल्या शब्दावर.

सराव करायला धबधबा लागत नाही. संध्याकाळी शेतातल्या पाटाजवळ बसा, नाहीतर अंगणातल्या नळाखाली घागर ठेवा. एकाच जागेवरून १/८, १/४ आणि १/२ असे तीन फोटो काढा. पुढच्या बैठकीत सगळ्या जणी ते शेजारी शेजारी ठेवून बघा. पाणी कुठे रेशीम झालं आणि कुठे उजेड उतू गेला, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. ज्या मैत्रिणीचा मोबाइल साधा आहे तिलाही त्यात सामील करून घ्या.