मस्करीची कुस्करी आणि तक्रारीचा बाऊ

दुपारची डब्याची वेळ. टेबलाभोवती सात-आठ जण. कुणीतरी कुणाच्या तरी रंगावर, आडनावावर किंवा नुकत्याच झालेल्या लग्नावर विनोद मारतो. सगळे हसतात, एक जण मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडत राहते. ती काही बोललीच, तर उत्तर तयार असतं : “अगं, गंमत केली. एवढं काय मनावर घेतेस?”

प्रकरण तिथेच मिटल्यासारखं दिसतं. पुढे कधी तक्रार झालीच, तर दोन्ही बाजूंच्या हाती बहुतेक ऐकीव माहिती असते. एक बाजू म्हणते, “आता ऑफिसात हसायचीही चोरी झाली.” दुसरी म्हणते, “तक्रार करून नोकरी घालवायची का?” ही ऐकीव माहिती एकदा तपासून पाहू.

गैरसमज : ‘विशाखा’ ही अत्याचार झालेली स्त्री होती.

वस्तुस्थिती : लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीला आपल्याकडे सरकारी कार्यालयांत अजूनही ‘विशाखा समिती’च म्हणतात. पण विशाखा हे न्यायालयात गेलेल्या एका संस्थेचं नाव. ज्या घटनेतून हा लढा उभा राहिला, ती भंवरीदेवींची. राजस्थानात सरकारी कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करताना त्यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. ती कागदावरच राहिल्याचं दिसल्यावर पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. त्यावरचा निकाल ऑक्टोबर २०१२ मधला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१३ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून लागू झाला. हाच तो ‘पॉश’ कायदा. म्हणजे आज कार्यालयात नेमली जाते ती कायद्याने सांगितलेली ‘अंतर्गत समिती’.

गैरसमज : माझा हेतू वाईट नव्हता, म्हणजे विषय संपला.

वस्तुस्थिती : कायद्याच्या व्याख्येत कळीचा शब्द आहे ‘नकोसं’. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील चित्रं-चित्रफिती दाखवणं यांच्या जोडीला ‘लैंगिक अर्थाचे शेरे’ हा प्रकार तिथे वेगळा नोंदवला आहे. द्वयर्थी विनोद त्यातच येतात. जानेवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं, की ही व्याख्या करणाऱ्याच्या हेतूपेक्षा त्याच्या कृतीला महत्त्व देते. ‘मी सहज बोललो’ हे खरं असू शकतं. पण ऐकणाऱ्या बाईला ते नकोसं झालं का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

गैरसमज : मग कुठल्याही थट्टेवरून नोकरी जाऊ शकते.

वस्तुस्थिती : तसंही नाही. एका बँकेच्या प्रशिक्षणवर्गात एक अधिकारी सहकारी महिलेच्या लांब केसांबद्दल म्हणाला, की हे आवरायला जेसीबी लागत असेल. त्यावर केसांबद्दलच्या जुन्या हिंदी गाण्याची ओळही गुणगुणला. समितीने त्याला दोषी धरलं, पुण्याच्या औद्योगिक न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र हा लैंगिक छळ ठरत नाही असं सांगून ते निष्कर्ष रद्द केले. ज्या प्रसंगी ते वाक्य उच्चारलं गेलं, तेव्हा त्या महिलेला स्वतःलाही तो छळ वाटला नव्हता, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

मद्रास आणि मुंबईचे निकाल दोन महिन्यांच्या अंतराने आले. ते एकमेकांना खोडत नाहीत. नकोसेपणा ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहायचा, पण प्रसंग, शब्द आणि आजूबाजूची परिस्थितीही तपासायची, असा दोन्हींचा मिळून अर्थ होतो. आणि एक गोष्ट विसरू नये : न्यायालयाने छळ म्हटलं नाही, म्हणून तो विनोद चांगला ठरत नाही. कायद्याची पायरी उंच असते. चारचौघांत वागण्याची पायरी तिच्या कितीतरी अलीकडे लागते.

गैरसमज : व्हॉट्सॲप ग्रुप खासगी असतो, आणि काही झालंच तर ॲडमिन बघून घेईल.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धवट. कायद्यातलं ‘कामाचं ठिकाण’ कार्यालयाच्या चार भिंतींपुरतं नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, मालकाने दिलेलं वाहन, घरकाम करणाऱ्या बाईसाठी ते घरही त्यात येतं. वेगवेगळ्या राज्यांतल्या शाखांमध्ये काम करणाऱ्या दोघांसाठी डिजिटल माध्यम हेच एक कामाचं ठिकाण ठरतं, असं राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. त्यामुळे रात्री अकराला ‘टीम’च्या ग्रुपवर टाकलेला अश्लील विनोद आपोआप घरगुती होत नाही.

ॲडमिनचं म्हणाल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा संगनमताचा इरादा दिसला तर गोष्ट वेगळी. जो टाकतो तोच उत्तरदायी.

गैरसमज : हा कायदा मोठ्या कंपनीतल्या कायम नोकरदार बायकांपुरता आहे.

वस्तुस्थिती : कंत्राटी, रोजंदारीवरची, शिकाऊ, स्वयंसेवक अशा कुठल्याही महिलेला तो लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा, ही तिची रचना. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानात पाच-सहाच माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

पुरुष कर्मचाऱ्याला मात्र या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. त्याला कंपनीचं धोरण आणि सेवानियम यांचाच आधार घ्यावा लागतो. पण तक्रार नेहमी पुरुषाविरुद्धच असते असं नाही. स्त्रीविरुद्ध स्त्रीची तक्रारही चालते, हे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं आहे.

गैरसमज : जात किंवा अपंगत्वावरचा विनोद म्हणजे आपसातली थट्टा, त्याला कायदा नाही.

वस्तुस्थिती : ‘पॉश’ नाही, पण दुसरे कायदे आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांदेखत जातीवरून शिवीगाळ करणं, तिला हिणवण्यासाठी जाणूनबुजून अपमान करणं, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट मात्र न्यायालयं काटेकोरपणे पाहतात. अपंग व्यक्तीचा लोकांसमोर असाच अपमान केला, तर २०१६ च्या कायद्यात सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनोदाचे दोन प्रकार वेगळे केले : अपंगत्वाकडे पाहण्याची आपली नजर बदलणारा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा. डब्याच्या टेबलावरही ही कसोटी चालते.

बोलीची नक्कल, वजन, टक्कल, ‘कोट्यातला’ असा टोमणा यांतल्या बऱ्याच गोष्टी फौजदारी गुन्ह्यापर्यंत जात नाहीत. तरी शिस्तभंगाचा रस्ता उरतोच. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना तर १९७९ च्या वर्तणूक नियमांनी न शोभणाऱ्या वागण्याला मनाईच केली आहे.

गैरसमज : सिद्ध करता आलं नाही, तर तक्रार करणारीच अडकते.

वस्तुस्थिती : खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, पण ती जाणूनबुजून, आकसाने केलेल्या तक्रारीसाठी. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांत. प्रकार अनेकदा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल, तर मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. नावं आणि तपशील गुप्त ठेवायचे असतात. चौकशी सुरू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. म्हणून तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी टिपून ठेवावं. स्क्रीनशॉट पुसू नयेत.

गैरसमज : तक्रार झाली की समोरचा संपला, चौकशी म्हणजे निव्वळ औपचारिकता.

वस्तुस्थिती : समितीला साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, चौकशीला नव्वद दिवस आहेत, आणि समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी द्यावीच लागते. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात ती नीट दिली गेली नाही. समितीने अखेरच्या टप्प्यात घाई केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि चौकशी मागच्या टप्प्यावर नेली. तक्रारी होत्या २००९ मधल्या. चौदा वर्षांनी पुन्हा सुरुवात! घाईची चौकशी आरोपीइतकीच तक्रारदाराचीही हानी करते.

गैरसमज : माझ्यावर विनोद नव्हता, मग मी कशाला मध्ये पडू?

वस्तुस्थिती : विनोद हसणाऱ्यांवर जगतो. हसू आलं नाही तर तो पुन्हा सांगायची हिंमत होत नाही. “यात हसण्यासारखं काय आहे, समजावून सांगा ना,” एवढं शांतपणे विचारलं, तरी बहुतेकांचा आवाज खाली येतो. ज्याला लागलं त्याने किंवा तिने बाजूला बोलावून “हे मला आवडलं नाही, पुन्हा नको” म्हणावं. जमत नसेल, तर तसा संदेश पाठवावा. पण आधी तोंडावर सांगितलंच पाहिजे, अशी कायद्याची अट नाही. आणि ज्याला हे सांगितलं जातं, त्याने सबबी न देता “चुकलं, पुन्हा होणार नाही” म्हणावं. मस्करीची कुस्करी होण्याआधी थांबायची हीच जागा.

उद्या कार्यालयात गेलात, की सूचनाफलक पाहा. अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. तो नसेल, किंवा त्यावर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईंचं नाव असेल, तर विचारा. तक्रार करायची वेळ येण्याआधी विचारलेलं बरं.