दगडाची वाट आणि वाटाड्याची कमाई

दोडामार्गच्या बाजारात भाड्याची गाडी चालवणारा एक तरुण आहे. गेल्या मोसमात चहा पिताना तो आम्हाला म्हणाला, "चाचा, गोव्यातून येणारी गिऱ्हाइके आता किनारा सोडून दुसरे काही दाखवा म्हणतात. तिलारीचे धरण दाखवतो, घाट दाखवतो, दुपारी जेवू घालतो. अर्ध्या दिवसात सगळे संपते. पुढे काय दाखवू? इथे आहेत ते नुसते दगड!"

त्याच्या घरची हकीकत या भागातील बऱ्याच घरांची आहे. वडिलांनी कर्ज काढून गोव्यातील लोहखाणीवर ट्रक लावला होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक मिळेल त्या किमतीला गेला, हप्ते मात्र पुरते भरावे लागले. आता घेतलेली गाडी उभी राहिली तर घर बसेल. तेव्हा त्याचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. 'नुसते दगड' दाखवून जगात कोणी पोट भरते काय, याचा शोध घेतला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोळसा संपला, हाडे उरली

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ड्रमहेलर नावाचे गाव आहे. आजूबाजूची जमीन ऊन, पाऊस आणि वाऱ्याने कोरलेली. चंबळच्या बेहडासारख्या घळी, ना झाड ना पीक. १८८४ मध्ये जोसेफ टिरेल नावाचा भूसर्वेक्षक त्या खोऱ्यात फिरत असताना त्याला एका मांसाहारी डायनोसॉरची कवटी सापडली. त्या भागात कोळसाही होता. गाव कोळशावर वाढले. हाडांचा पोटापाण्याशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाला वाटले नाही. पुढे तेल आणि गॅस आला, कोळशाला गिऱ्हाईक उरले नाही, खाणी एकामागून एक बंद पडल्या. १९८५ मध्ये तेथे टिरेलच्या नावाचे मोठे संग्रहालय उघडले. आज गावाची ओळख डायनोसॉरमुळे आहे. बंद पडलेली एक कोळसा खाणसुद्धा पाहुण्यांना तिकीट लावून दाखवली जाते.

त्याच प्रांतात डायनोसॉरच्या हाडांचे एक राखीव उद्यान आहे. युनेस्कोने १९७९ मध्ये त्याला जागतिक वारसा ठरवले. तेथील एक नियम व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. उद्यानाचा जो गाभा आहे, त्यात वाटाड्याशिवाय कोणालाही जाता येत नाही. बसमधून न्यायचे, वाटाड्याने समजावून सांगायचे, परत आणायचे. यामुळे हाडे चोरीला जात नाहीत आणि वाटाड्याचा रोजगारही सुटत नाही. एकाच कुलपाने दोन्ही कामे केली आहेत.

मसाला वाटण्याचा दगड

परदेशाचे उदाहरण दूरचे वाटत असेल तर गुजरातेत या. बालासिनोर हे बाबी घराण्याचे जुने संस्थान. त्याजवळ रैयोली गाव आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिकांना तेथे डायनोसॉरची हाडे आणि अंडी मोठ्या संख्येने सापडली. डोक्यावर शिंग असलेल्या एका शिकारी डायनोसॉरला २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असे नाव देण्यात आले. पण गावकऱ्यांना त्याचे काय? गुरे त्यावरून चरत होती, येणारेजाणारे तुकडे उचलून नेत होते.

बाबी घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी तेथे आलेल्या शास्त्रज्ञांकडून हे दगड वाचायला शिकून घेतले. त्या पाहुण्यांना स्वतः घेऊन जाऊ लागल्या, हाड कोणते आणि साधा दगड कोणता हे दाखवू लागल्या. गावातील एक बाई ज्या गोल दगडाने मसाला वाटत होती, ते डायनोसॉरचे अंडे असल्याचे त्यांनी ओळखले, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापून आली आहे. घराण्याच्या वाड्यात पाहुण्यांची उतरण्याची सोय झाली. जून २०१९ मध्ये रैयोलीला सरकारी संग्रहालय उघडले.

या हकिकतीत धंद्याचा अर्थ असा आहे. अंडे पूर्वीही होते, बाईही रोज ते हातात घेत होती. त्याला किंमत आली ती ओळखणारा माणूस आल्यावर. आपल्या राज्यातही असा माल आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ मध्ये शास्त्रज्ञांना तिच्यात गवताच्या खुणा आढळल्या आणि त्या काळी गवत होते हे जगाला कळले. शेणाच्या गोळ्याची ही किंमत!

आपल्या सड्यावर काय आहे?

स्पष्ट सांगायचे तर दोडामार्गात डायनोसॉर नाही, आणि गिऱ्हाइकाला तसे खोटे सांगू नये. पण सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा आहे, आणि डायनोसॉर संपले तोही तोच काळ. घाट चढताना एवढे सांगितले तरी प्रवासी खिडकीतून बाहेर बघू लागतो.

त्याहून मोठी गोष्ट जांभ्याच्या सड्यावर आहे. कोकणच्या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीला भला मोठा हत्ती कोरलेला आहे. २०२२ मध्ये कोकणातील अशी नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातील, एक मालवण तालुक्यातील कुडोपी आणि एक गोव्यात सांगे तालुक्यातील फणसायमळ. नकाशा काढून पाहा. कुडोपी आणि फणसायमळ यांच्या मधोमध आपले दोडामार्ग येते. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळही जवळच आहे.

दुपारी गेलो, काही दिसले नाही

आम्ही त्या तरुणाच्या गाडीतून कुडोपीला गेलो. पोहोचलो भर बाराला. तापलेला कातळ, सुकलेले गवत, बाकी काही नाही. "बघा चाचा, मी म्हणत नव्हतो?" तो म्हणाला. तेवढ्यात वाडीतील एक वयस्क गृहस्थ आले आणि शांतपणे म्हणाले, "जरा बाजूला व्हा. चित्रावर उभे आहात." आम्ही वरमून चपला हातात घेतल्या. ते म्हणाले, "ऊन कलू द्या." चारनंतर तिरपे ऊन पडले आणि त्या सपाट कातळातून एकेक रेघ वर येऊ लागली. ज्याला आम्ही भेग समजत होतो ती आकृतीची कड निघाली. परतताना तो तरुण गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे वेळ माहीत असणे हाच माल आहे."

आम्हाला जे लिहायचे होते ते त्याने एका वाक्यात सांगितले. तेव्हा एक दिवसाची फेरी अशी आखता येईल: सकाळी लवकर दोडामार्गहून तिलारीचे खोरे, दुपारचे जेवण वाटेत एखाद्या घरी, आणि ऊन कलताना कुडोपीचा सडा. पावसाळ्यात सड्यावर पाणी आणि गवत असते. म्हणून दिवाळीनंतरचा मोसम धरावा. जेवण देणारे घर, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा कारागीर, काजू-कोकम विकणारा दुकानदार या सर्वांना एका गाडीमागे काहीतरी मिळते. मात्र वाडीतील माणसाला वाटाड्या म्हणून ठरलेले पैसे द्यावेत. त्याला चहावर बोळवण केली तर उद्या तो दाखवायला येणार नाही, आणि येऊही नये. गोव्यात गाडी नेणार असाल तर परमिटची कागदपत्रे आधी पुरी करावीत.

कुलूप आपणच घालावे

शेवटी धोक्याची गोष्ट. याच जांभ्यातून चिरे निघतात. चिरेखाण हा आपल्याच लोकांचा धंदा आहे, तो बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण यंत्र लावण्याआधी सडा एकदा तिरप्या उन्हात फिरून पाहावा, रेघ दिसली तर काम थांबवून कळवावे. चिरा एकदाच विकला जातो. चित्र दर मोसमाला विकले जाते आणि तरी जागच्या जागी राहते. फोटोसाठी रेघांत खडू भरणे, आकृतीवर चालणे, तुकडा खिशात घालणे हे गिऱ्हाइकाला गाडीत बसतानाच बंद आहे म्हणून सांगावे. नियम सांगणाऱ्या वाटाड्याचा मान वाढतो, असा आमचा अनुभव आहे.

तो तरुण आता सुटीच्या दिवशी कुडोपीच्या त्या गृहस्थांकडे जाऊन बसतो. हप्ते अजून बरेच आहेत. पण परवा भेटला तेव्हा 'नुसते दगड' हे शब्द त्याच्या तोंडून आले नाहीत.