चालकाची चूकच नसेल तर अपघाताची भरपाई कोण देतं?

२१ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ. अंबरनाथच्या उड्डाणपुलावर एका कारने समोरून येणाऱ्या दुचाकींना उडवलं. कार नगरपालिका निवडणुकीतल्या एका उमेदवाराची होती. गाडी चालवतानाच चालकाला हृदयविकाराचा झटका आला, अशी माहिती पुढे आली. चालकासह चौघांचा जीव गेला. सीसीटीव्ही फुटेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर आलं असेल.

आता प्रश्न असा की, ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तोच गेला आणि त्याची चूक होती असंही म्हणता येत नाही. मग दुचाकीवाल्यांच्या घरच्यांनी पैसे मागायचे कुणाकडे?

गाडीच्या मालकाकडे आणि त्याच्या वतीने विमा कंपनीकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पहिल्यांदा पकडलं तर दंड २ हजार रुपये किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं, ते हा विमा भरतो.

दावा दोन प्रकारे करता येतो. कलम १६६ मध्ये मृताचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून रक्कम ठरते. ती मोठी असू शकते, पण चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. झटका आला असेल तर विमा कंपनी म्हणणारच, यात निष्काळजीपणा कसला? अशा वेळी कलम १६४ कामाला येतं. तिथे चूक कुणाची हे सिद्ध करायची गरजच नाही. मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख. चालक पगारी असेल तर त्याच्या कुटुंबालाही मालकाकडे भरपाई मागता येते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात झाला तिथलं किंवा तुम्ही राहता तिथलं न्यायाधिकरण चालतं. कायद्यात ६ महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर थांबू नका.

धडक देणारा पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही, तर सरकारच्या हिट अँड रन योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात.

हे झालं माणसांचं. बदलापूर-कल्याण रस्त्यावर रोज होतं ते वेगळं: मागून ठोकलं, बंपर गेला, आरडाओरडा, दोन हजारांवर सेटलमेंट. समोरच्याचा थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीचं नुकसानही भरतो, खासगी कारच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाखांपर्यंत. पण त्यासाठीही न्यायाधिकरणात जावं लागतं, म्हणून लोक आपल्याच पॉलिसीतून क्लेम करतात. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर तोही रस्ता बंद. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. छोट्या डेंटसाठी आधी हिशोब करा.

गाडी विकली पण आरटीओत नाव बदललं नाही? एमएच-०५ च्या रेकॉर्डवर तुमचं नाव असेल तर भरपाईसाठी मालक तुम्हीच, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलंय. लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर अनेकदा विमा कंपनी आधी पीडिताला पैसे देते, मग मालकाकडून वसूल करते.

आणि समोर गाडीच नव्हती, खड्डाच होता तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. पैसे द्यायचे रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेने.