बडोद्याचे आखाडे व मैदाने

बडोद्यात खेळाची व करमणुकीची सोय कशी आहे, असे एखाद्या पाहुण्याने विचारले, तर त्याला प्रथम कमाटी बाग दाखविली जाते. विश्वामित्रीच्या काठची ही विस्तीर्ण बाग १८७९ साली तयार झाली. तिच्यात प्राणिसंग्रहालय आहे, वस्तुसंग्रहालय आहे. पहाटे फिरावयास येणाऱ्यांची तेथे रीघ लागते. (नदीत मात्र कोणी उतरत नाही. तिच्यात मगरी आहेत, आणि ऑगस्ट २०२४ च्या महापुरात त्या थेट वस्तीत शिरल्या होत्या.) पुढे लालबागेचा पोहण्याचा तलाव, मोतीबागेचे क्रिकेटचे मैदान, समा भागातील क्रीडासंकुल, नवरात्रात गरब्याने फुलणारी पटांगणे, अशी ही यादी बरीच लांबते. पण त्या जागी खेळणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे असते, हे यादीवरून कळत नाही. जुन्या बडोद्यात या प्रश्नाचे उत्तर ‘उस्ताद’ या एका शब्दात मिळत असे.

तालमीला सामग्री फारच थोडी लागते. कुस्तीसाठी तांबड्या मातीचा हौदा. त्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती खणून खणून मऊ राखलेली. शेजारी मल्लखांब. शिसवी किंवा सागवानी लाकडाचा हा खांब जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उंच असतो व वर निमुळता होत जातो. सर्वांत वर मान आणि बोंड. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या ऊर्जितावस्थेस आणली. जोडीदार नसला तरी मल्लाला पेचांचा सराव करता यावा, ही तिची मूळ सोय. खांबाला एरंडेल चोळतात. ते कमी पडले तर कातडी सोलून निघते, अधिक झाले तर पकड सुटते. किती चोळावे हे उस्तादाच्या हाताला ठाऊक असते. नवा मुलगा पहिली अढी घालून उलटा झाला की उस्तादाचा हात त्याच्या मानेजवळ असतो. तो हात केव्हा काढून घ्यावयाचा, यातच निम्मे शिक्षण आले.

जुम्मादादा हे बडोद्याचे असेच एक नामांकित मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव (१८७८–१९५४) यांनी आपल्या व्यायाममंदिरास गुरूचेच नाव दिले. हाडे व सांधे बसविण्यातही माणिकरावांचा हातखंडा होता. जो पडण्याचा खेळ शिकवितो त्याला पडलेल्यास उठविताही आले पाहिजे, हे त्या परंपरेत गृहीतच असे. लाठी आणि लेझीम यांना त्यांनी सांघिक कवायतीचे रूप दिले. याच शहरात द. चिं. मुजुमदार यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ‘व्यायाम ज्ञानकोश’ हाती घेतला आणि १९३६ पासून दहा खंडांत तो मराठीत सिद्ध केला.

हुतुतूची गोष्टही अशीच. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी मेला की आपला मेलेला गडी जिवंत होई, गामिनीत मेलेला गडी बाहेरच राही, तर अमर प्रकारात गडी मैदान सोडीतच नसे. गावोगावचे संघ समोरासमोर आले की खेळापेक्षा तंटाच अधिक! १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले व त्यांनुसार अखिल भारतीय सामने भरविले.

क्रिकेटमध्ये बडोद्याचे नाव याहूनही दूर गेले. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) यांनी येथेच चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. पण अधिक विचार करावयास लावणारी हकिकत अलीकडची आहे. इरफान आणि युसूफ हे पठाण बंधू लहानपणी जुन्या शहरातील मशिदीच्या आवारात खेळत. पुढे इरफानला मार्गदर्शन केले ते भारताचे माजी कर्णधार दत्ता गायकवाड यांनी. जागा तुटपुंजी होती, पण शिकविणारा मिळाला.

याच शहराच्या आठवणीत १८ जानेवारी २०२४ हा दिवस कायमचा राहील. हरणी तलावावर शाळेची सहल आली होती. नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि जीवरक्षक जाकिटे सर्वांच्या अंगावर नव्हती. मुलांनी हौसेने यावे असा तो तलाव सजविलेला होता. उणीव होती ती डोकी मोजून नाव थांबविणाऱ्या माणसाची.

मुलाचे नाव घालण्यापूर्वी पालक फीची चौकशी करतात, वेळ विचारतात. त्याबरोबर आणखी काही विचारण्यास हरकत नाही: एका शिक्षकाकडे किती मुले असतात, तलावाची खोली कोठे बदलते, काठावर पोहणारा माणूस पूर्ण वेळ हजर असतो काय. मल्लखांबाखाली गादी आहे की नाही, हे दारातूनही दिसते. खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष मुलाकडे आहे की आणखी कोठे, हे पाहावयास मात्र थोडा वेळ तेथे थांबावे लागते.